साठ पानं आणि एकशे आठ रामायणं

'बारामती' असं एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. ओठ दोनदा मिटतात, एकदा 'बा'ला आणि एकदा 'म'ला. आता ओठ न मिटवता तेच नाव घ्या. जमत नाही. प, फ, ब, भ, म ही पाच अक्षरं ओठाला ओठ लागल्याशिवाय तोंडाबाहेर पडतच नाहीत. याच गावात राहणाऱ्या एका कवीनं अठराव्या शतकात ठरवलं, की ही अक्षरं वगळून अख्खी रामकथा सांगायची. 'राम' या शब्दातच 'म' आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

हा कवी म्हणजे मोरोपंत पराडकर. जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. पेशव्यांचे सोयरे आणि सावकार असलेल्या बाबूजी नाईकांनी त्यांना बारामतीत आश्रय दिला. नाईकांचा वाडा कऱ्हेच्या काठी आजही उभा आहे. तिथं पंत पुराण सांगत आणि घरी बसून कविता लिहीत. १७९४ साली ते गेले, तोवर त्यांच्या नावावर एकशे आठ रामायणं जमा झाली होती असं मानतात. सगळी आज हाती नाहीत. पण त्यांतल्या एकाचं नाव 'निरोष्ठरामायण' आहे आणि ते नावाप्रमाणेच आहे.

हे प्रकरण मात्र पत्त्यांचं आहे. मग पंत इथे कशाला? कारण 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाचे शौकीन लोक रात्र-रात्र जागून जे करतात, ते मराठी माणसाला समजावून सांगायला मला बारामतीच्या या पुराणिकाइतका चांगला वाटाड्या सापडलेला नाही.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे पत्ते म्हटलं की एक कॅट, बावन्न पानं. मेंढीकोट असो, बदाम सात असो, नाहीतर झब्बू. पानं तीच, ती पिसायची, वाटायची आणि नशिबात आलेल्या हातावर डोकं चालवायचं. पानांवर अद्भुत चित्रं असण्याचीही आपल्याला नवलाई नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. गोल, हातानं रंगवलेली, लाखकाम केलेली १२० पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दहा मोठा, उरलेल्या निम्म्यांत उलट क्रम. डोक्याला चांगला ताप देणारा खेळ आहे. पण गंजिफा खेळायला बसलेल्या कुणालाही 'मी माझ्यापुरते नरसिंह जास्त घेऊन येतो' असं म्हणायची मुभा नाही. कॅट सगळ्यांचा मिळून एकच.

ही अट मोडली रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञानं. 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' ही छोटी कंपनी चालवणाऱ्या पीटर अॅडकिसनकडे तो एक मोठा पटावरचा खेळ घेऊन गेला होता. अॅडकिसनला हवं होतं खिशात मावेल, चटकन संपेल असं काहीतरी. गारफिल्डनं जे करून आणलं ते १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलं. पहिल्या आवृत्तीत २९५ वेगवेगळी पानं होती. आज ती संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली आहे. पानं बंद पाकिटात मिळतात आणि आत काय निघेल ते फोडल्यावर कळतं. चिप्सच्या पुड्यातून टाझो काढणाऱ्या आणि कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं शाळेच्या मागच्या बाकावर बदलणाऱ्या पिढीला यापुढचं सांगायला नको.

खेळाचा सांगाडा असा. दोघंही जादूगार. प्रत्येकाकडे वीस प्राण. काही पानं 'भूमी'ची असतात. दर पाळीला एक भूमी खाली ठेवता येते. ती आडवी केली की शक्ती मिळते, आणि त्या शक्तीच्या किमतीत हातातले प्राणी, मंत्र, यंत्रं खेळायची. पानांचे रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लाल तापट, निळा धूर्त, हिरवा रानटी आणि धष्टपुष्ट. पण या सगळ्याच्या आधी, घरी बसून करायचं एक काम असतं. उपलब्ध हजारो पानांतून आपली साठ पानं निवडायची. एका नावाची चारपेक्षा जास्त घ्यायची नाहीत; मूळ भूमीच्या पानांना ही मर्यादा नाही. या साठ पानांच्या गठ्ठ्याला म्हणायचं 'डेक', आणि त्या निवडीला 'डेक बांधणं'. मला विचाराल तर निम्मा खेळ तिथेच होऊन जातो.

बांधणारे लोक तऱ्हेतऱ्हेचे. या खेळाचा एक प्रमुख रचनाकार मार्क रोझवॉटर यानं २००२ साली एका लेखात त्यांची तीन काल्पनिक माणसं केली. टिमीला प्रचंड अजगर हवा, पडला तरी धाडकन पडला पाहिजे. स्पाइकला जिंकायचं असतं, बाकी काही नाही. आणि जॉनीला दाखवायचं असतं की 'हे असंही करता येतं'. जॉनी दहातले नऊ डाव हरेल, पण दहाव्यात त्याची करामत जमली की महिनाभर तेच सांगत फिरेल.

जॉनीच्या करामतींचे दोन-तीन नमुने सांगतो, म्हणजे हा रोग कळेल.

२००१ च्या एका संचात 'बॅटल ऑफ विट्स' नावाचं निळं पान आलं. त्यावर लिहिलं आहे, की तुमच्या पाळीच्या सुरुवातीला तुमच्या न ओढलेल्या गठ्ठ्यात दोनशे किंवा जास्त पानं असतील तर तुम्ही जिंकलात. डेक साठाचा! पण नियम 'किमान साठ' असा आहे, कमाल सांगितलेली नाही. झालं, लोकांनी अडीचशे-अडीचशे पानांचे डेक बांधले. एकच अडचण: डेक स्वतःच्या हातांनी पिसता आला पाहिजे. तो पिसताना पाहणं हाच एक कार्यक्रम.

२००४ मध्ये 'रिलेंटलेस रॅट्स' आलं. काळा उंदीर, तसा मध्यम ताकदीचा. पण मैदानात जितके दुसरे असेच उंदीर असतील तितकी त्याची ताकद वाढते, आणि त्याच्यापुरता चारचा नियम पानावरच शिथिल केला आहे. हवे तेवढे घ्या. मग काय, चोवीस दलदलीच्या भूमी आणि छत्तीस उंदीर. डेक बांधून झाला! इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यात ज्यानं उसाच्या फडातले उंदीर पाहिले आहेत त्याला हा डेक कसा चालतो हे एका वाक्यात कळेल.

आणि २००५ चं 'वन विथ नथिंग'. किंमत अगदी थोडी, काम एवढंच, की हातातली सगळी पानं फेकून द्या. आपलीच. समोरच्याची नव्हे. असं पान छापलं तरी का, म्हणून लोकांनी डोक्याला हात लावला. जॉनीच्या जातीचे मात्र वही-पेन घेऊन बसले: फेकलेली पानं उपयोगी पडतील असा डेक कसा बांधायचा?

कुणी तर खेळाचे नियमही बघत नाही, नुसतं चित्र बघतो. ज्या ज्या चित्रात खुर्ची दिसते तेवढीच पानं घेऊन डेक बांधणारे लोक आहेत. खुर्चीभोवती सगळा डाव कसा फिरू शकतो, हे बारामतीकरांना मी काय समजावणार.

आता पंतांकडे परत. निरोष्ठरामायण बांधायला बसायचं तर पहिलं काम काय? साठा तपासणं. रामायणातली माणसं एका रांगेत उभी करा आणि ओठांच्या कसोटीवर घासा. सीता चालते. रावण चालतो. दशरथ, कैकेयी, कौसल्या, जटायू, वाली, सुग्रीव, अंगद, इंद्रजित हे सगळे पार. लक्ष्मण बाद. भरत बाद. सुमित्रा बाद, बिभीषण दोनदा बाद, कुंभकर्ण बाद. हनुमान बाद आणि मारुती म्हटलं तरी बादच. अयोध्या आणि लंका राहतात, पंचवटी जाते. मारीच आणि शूर्पणखा गेल्यामुळे सीताहरणाची पंचाईत. (व्याकरण काटेकोर धरलं तर उ-ऊ हे स्वरही ओष्ठ्यच, पण ओठ प्रत्यक्ष मिटतात ती पाच व्यंजनं एवढाच हिशोब मी इथे धरला आहे.) आणि राम तर गेलाच. एवढंच काय, स्वतः मोरोपंत 'मयूर' म्हणून सही करत, तीही या नियमात बसत नाही.

राम गेला म्हणून कथा थांबत नाही. राघव आहे, दाशरथी आहे, रघुवीर आहे. पण इथे किमतीचा प्रश्न येतो. पंतांचा हातखंडा आर्येचा. आर्येत पहिल्या चरणाला १२ मात्रा, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला पुन्हा १२ आणि चौथ्याला १५; तिचाच भाऊबंद असलेल्या गीतीत चौथाही १८ चा. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ दोन. 'राम' तीन मात्रांत येतो. 'राघव' म्हणाल तर चार, 'रघुवीर' म्हणाल तर पाच. बारा मात्रांच्या चरणात नायकाच्या नावालाच पाच गेल्या तर उरलेल्या सातांत त्यानं धनुष्य कधी उचलायचं? डेक बांधणाऱ्यांचा दिवसाचा निम्मा वेळ नेमक्या याच विवंचनेत जातो. दोन शक्तीची पानं किती, चारची किती, सहाची परवडतात का. महाग पानं जास्त झाली तर पहिल्या चार पाळ्या हात चोळत बसावं लागतं. स्वस्तच भरली तर पुढं दम उरत नाही.

पंतांनी एका ठिकाणी 'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र रचनेत गुंफला, तेच मंत्ररामायण. वगळण्याऐवजी इथे ठरावीक अक्षर ठरावीक जागी आणायचं बंधन. दोन्ही बंधनं त्यांची त्यांनीच घालून घेतलेली.

असं का करावं? पुराणिकाच्या नोकरीकडे पाहिलं की मला त्यातलं थोडं उमगतं. श्रोते तेच, वाडा तोच, कथा तीच, आणि शेवट सगळ्यांना पाठ. ठरलेल्या चार मित्रांनी ठरलेल्या टेबलावर दर रविवारी खेळायचं झालं तर नेमकी हीच अडचण येते. सर्वांत ताकदवान डेक एकदा सापडला की प्रत्येक रविवार सारखाच. स्पर्धेत त्याला इलाज नाही; तिथं बक्षीस असतं, आणि जिंकलेल्याचा डेक दुसऱ्या दिवशी शंभर जण नक्कल करून आणतात. घरच्या टेबलावर मात्र कथा तीच ठेवून बंधन बदलायची सोय असते.

घरगुती खेळणाऱ्यांनी असं सर्वांसाठीचं एक बंधन शोधून काढलं आणि त्याचाच पुढे सर्वांत लोकप्रिय प्रकार झाला. अलास्कातल्या अॅडम स्टेली आणि मित्रमंडळींनी शंभर पानांचा डेक ठरवला: मूळ भूमी सोडून प्रत्येक नावाचं एकच पान, आणि डोक्यावर एक 'सेनापती'. सेनापतीच्या रंगांबाहेरचं काही घ्यायचं नाही. वीसऐवजी चाळीस प्राण, आणि एका वेळी सहसा चौघं. शेल्डन मेनेरी या पंचानं तो जगभर नेला, २०११ मध्ये कंपनीनं त्याचे तयार डेक काढले. आज त्याला 'कमांडर' म्हणतात. साठाच्या डेकमध्ये एखादं पान चार वेळा असलं तर पहिल्या सात पानांत ते निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के. कमांडरमध्ये एकुलतं एक पान पहिल्या सातांत येण्याची शक्यता ७ टक्के. म्हणजे एका डावासारखा दुसरा डाव होणं अवघड, आणि तेच तर हवं होतं. कमांडरवाल्यांची आणखी एक पद्धत मला फार आवडते: खेळायला बसण्याआधी 'आज कसला डेक आणलायस, किती दांडगा?' हे बोलून घ्यायचं. दांडगा असेल तर दुसरा काढ. आपल्या गल्ली क्रिकेटमधल्या 'एक टप्पा आउट'सारखंच हे, घर बघून ठरवायचं.

जाता जाता एक. याच खेळाचा २०१६ चा एक संच भारतीय वळणाच्या जगात घडतो: यंत्रं, नक्षीकाम, चंद्रा नलार ही आगीशी खेळणारी नायिका आणि तिचे आईवडील पिया आणि किरण. त्या जगाचं नाव 'कलादेश'. रोमन लिपीत लिहिलं की आपल्याकडचा वाचक ते 'कला' वाचेल की 'काला', हा प्रश्न उरतोच. २०२५ च्या संचात नाव बदलून 'अविष्कार' झालं. आता आपण त्याच्या ऱ्हस्व 'अ'वर हरकत घेऊ, ते वेगळं.

हे सगळं वाचल्यावर हातानं करून पाहिल्याशिवाय चैन पडेना. भाचा बारामतीला शिकतो, त्याच्याकडे जुनी पानं पडून होती. मी त्याला म्हटलं, आपण इंदापूरचा डेक बांधू. इंदापूरचा म्हणजे काय, तर भिगवणचा. उजनीला धरण बांधून भीमा अडवली, पाणी मागे इंदापूर तालुक्यात पसरलं, शेतं आणि गावठाणं बुडाली. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळही पाण्यात गेलं. पाणी फार उतरून धरण 'मायनस'मध्ये गेलं की ते पुन्हा डोकं वर काढतं. आणि भिगवणजवळ त्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, नाना पक्षी येऊ लागले. बंधन ठरलं: पाणी आणि आभाळ, म्हणजे फक्त निळा आणि पांढरा. प्राणी सगळे पक्षी.

पहिला घाव तिथेच बसला. या खेळातला सगळ्यांत नावाजलेला पक्षी 'बर्ड्स ऑफ पॅरडाइज', पहिल्या आवृत्तीपासूनचा. त्याची कथाही गोड आहे: मार्क पूल या चित्रकाराला एका बेटाचं, म्हणजे भूमीच्या पानाचं चित्र काढायचं होतं. त्यात पुढं काढलेला पक्षी इतका भाव खाऊन गेला, की चित्र भूमीसाठी न वापरता पक्ष्यासाठीच नवं पान केलं. जागा पाण्यासाठी आणि गाजले पक्षी, ही तर शुद्ध भिगवणची गोष्ट. पण ते पान हिरवं. आमच्या नियमात बसत नाही.

"मामा, एक हिरवा घेऊ या की," भाचा म्हणाला.

मी त्याला निरोष्ठरामायण सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण हिरवा राहिला बाजूला.

मग मजा सुरू झाली. 'स्क्वॉड्रन हॉक' नावाचं साधं पांढरं पान: एक ससाणा खाली आला की गठ्ठ्यातून त्याच्याच नावाचे आणखी तीन शोधून हातात घ्यायचे. एक थवा उतरला. 'सोलकॅचर्स एअरी'मुळे मेलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे एक पीस जमा होतं आणि जितकी पिसं तितके उरलेले पक्षी बलवान. देवळाचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. शेवटी 'क्रूसिबल ऑफ वर्ल्ड्स' सापडलं. या खेळात वापरून टाकलेली पानं ज्या ढिगात जातात त्याला 'स्मशान' म्हणतात. क्रूसिबल मैदानात असलं की स्मशानातली भूमी पुन्हा खेळता येते. सोबत 'इव्हॉल्विंग वाइल्ड्स' घेतलं: ही भूमी स्वतःचा बळी देऊन गठ्ठ्यातून दुसरी भूमी आणते. दोन्ही मिळून दर पाळीला एक जमीन बुडते, दुसरी वर येते, आणि पुढच्या पाळीला बुडालेली पुन्हा दिसते. पळसनाथ! याच कामाचं 'फ्लडेड स्ट्रँड' नावाचं, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या किनाऱ्याचं पान नावानं अधिक शोभलं असतं, पण त्याची किंमत ऐकून भाच्यानंच ते नको म्हटलं. पैशाचं बंधन हेही बंधनच. फक्त सर्वसाधारण पानं घ्यायची असा 'पॉपर' नावाचा अख्खा प्रकार त्यातूनच निघाला आहे.

पंतांच्या काव्यावर एक जुना आरोप आहे, की ती शब्दांची कसरत, भाव कुठे? विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत 'मोरोपंतांची कविता' हा मोठा निबंध लिहून त्यांची बाजू मांडावी लागली होती. आमच्या डेकवरही आरोप व्हायला वेळ लागला नाही. भाच्याचा मित्र जिंकायचा डेक घेऊन आला, आमची पानं उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे छान आहे, पण हे जिंकणार कसं?"

साठांत चोवीस भूमी ठेवल्या होत्या. हा नेहमीचा हिशोब आहे. तरीही गणित असं, की साधारण सात डावांत एकदा पहिल्या सात पानांत भूमीचं एखादंच पान येतं, किंवा तेही येत नाही. मी नीट पिसलं, मित्रानं काटलं, सात पानं उचलली. चार ससाणे एका हातात, वर क्रूसिबल, वर पिसांचं पान, आणि आणखी एक पक्षी. सगळा थवा आला होता आणि उतरायला पाणीच नव्हतं.

भाच्यानं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "मामा," तो म्हणाला, "उजनी मायनसमध्ये."

पानं खाली ठेवली आणि पुन्हा पिसायला घेतली.